खांदेरीचा दीपस्तंभ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अलिबागजवळच्या थळच्या समुद्रात खांदेरी बेट आहे आणि त्या बेटावरच्या किल्ल्यात १८६७ पासून एक दीपस्तंभ उभा आहे. किल्ला पाहायला जाणाऱ्यांना दिव्याबद्दल प्रश्न पडतात, आणि दिव्याच्या ओढीने जाणाऱ्यांना किल्ल्याबद्दल. दोन्हींची उत्तरे इथे एकत्र दिली आहेत, कारण या बेटावर ती वेगळी करता येत नाहीत.

खांदेरी नेमके कुठे आहे? उंदेरी आणि कुलाबा किल्ल्याशी त्याची गल्लत का होते?

रायगड जिल्ह्यात अलिबागच्या उत्तरेला थळ हे कोळ्यांचे गाव आहे. थळच्या किनाऱ्यावरून पश्चिमेकडे पाहिले की आधी एक बुटके, तटाने वेढलेले बेट दिसते, ते उंदेरी. त्याच्या पलीकडे, किनाऱ्यापासून सुमारे पाच किलोमीटरवर, दोन टेकाडांचे मोठे बेट दिसते, ते खांदेरी. दीपस्तंभ याच बेटावर आहे, उंदेरीवर नाही. मुंबई बंदराच्या तोंडापासून हे बेट दक्षिणेला साधारण वीस किलोमीटरवर पडते.

कुलाबा किल्ला ही तिसरी जागा. तो अलिबागच्या चौपाटीसमोर आहे आणि पूर्ण ओहोटीला तिथे चालत जाता येते. खांदेरीला चालत जाण्याचा प्रश्नच येत नाही. मुंबईचे कुलाबा आणखी वेगळे. तिथल्या समुद्रात प्रॉन्ग्ज नावाच्या खडकांवर १८७५ सालचा दुसरा दीपस्तंभ आहे. जुन्या इंग्रजी कागदांत खांदेरी-उंदेरीचा उल्लेख ‘केनरी’ आणि ‘हेनरी’ असा येतो. इंग्रजांनी आपल्या जिभेला सोसेल तसा उच्चार केला, एवढेच. हेनरी नावाच्या कुणा माणसाशी त्याचा संबंध नाही.

मग ‘कान्होजी आंग्रे दीपस्तंभ’ हा वेगळा आहे का?

नाही, तोच हा. १९९८ मध्ये बेटाला सरखेल, म्हणजे मराठा आरमाराचे प्रमुख, कान्होजी आंग्रे यांचे नाव देण्यात आले आणि दिव्यांच्या अधिकृत यादीत आता तेच नाव येते. कोळीवाड्यात आणि किल्लेप्रेमींत मात्र खांदेरी हेच नाव चालते. बोट ठरवताना ‘खांदेरी’च म्हणा.

दीपस्तंभासाठी इंग्रजांनी हेच बेट का निवडले?

ज्या कारणासाठी शिवाजी महाराजांनी त्यावर किल्ला बांधायला घेतला, त्याच कारणासाठी. दक्षिणेकडून मुंबईला येणारे जहाज या बेटाजवळून जाते. बेटावर ज्याची नजर, त्याला मुंबईत काय येते आणि काय जाते ते कळते.

महाराजांनी १६७२ मध्ये इथे काम सुरू करून पाहिले, पण इंग्रज आणि जंजिऱ्याचा सिद्दी या दोघांच्या गलबतांपुढे ते थांबवावे लागले. ऑगस्ट १६७९ मध्ये महाराजांचे आरमारी सरदार मायनाक भंडारी दीडशेच्या आसपास माणसे आणि थोड्या तोफा घेऊन बेटावर उतरले आणि तटाच्या कामाला हात घातला. इंग्रजांनी समुद्रातून नाकेबंदी केली, पण तिला यश आले नाही. त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. इंग्रजांची जहाजे मोठी होती. त्यांना पाणी खोल लागे आणि वारा पडला की ती जागच्या जागी खोळंबत. मराठ्यांच्या होड्या उथळ बुडाच्या आणि वल्ह्यांवर चालणाऱ्या होत्या. रात्री किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्यातून त्या दगड, धान्य आणि माणसे घेऊन सुटत आणि पहाटेपूर्वी बेटाला लागत. १८ ऑक्टोबर १६७९ च्या लढाईत महाराजांचा दुसरा आरमारी सरदार दौलतखान याच्या नेतृत्वाखाली पन्नासहून अधिक गलबते इंग्रजांच्या आठ जहाजांवर चालून गेली. इंग्रजांचे ‘डव्ह’ हे गलबत मराठ्यांनी पकडले, तर ‘रिव्हेंज’ या मोठ्या लढाऊ जहाजाने तोफांच्या जोरावर निभावून नेले. त्या दिवशी कोण जिंकले यावर वाद घालता येईल, पण किल्ला मात्र उभा राहिला. जानेवारी १६८० मध्ये सिद्दीने उंदेरी बळकावली आणि समोरासमोरच्या दोन बेटांवर एकमेकांचे दोन शत्रू बसले. पुढे खांदेरी आंग्र्यांकडे असताना, १७१८ मध्ये, मुंबईच्या गव्हर्नर बूनने तिच्यावर आरमार पाठवले. तेही हात हलवत परतले. १८१८ मध्ये पेशवाई संपली तेव्हा बेट इंग्रजांच्या हाती आले.

त्यानंतर इथे शत्रू उरला नाही, खडक उरले. खांदेरी-उंदेरीच्या भोवती खडपे आहेत, आणि दक्षिणेला रेवदंड्याच्या समुद्रात चौल कडू नावाचा पाण्याखालचा खडकाळ पट्टा आहे. १८६० च्या दशकात कापसाच्या व्यापारामुळे मुंबईत येणारी जहाजे झपाट्याने वाढली. दिवा १८६७ मध्ये उभा राहिला आणि दोनच वर्षांनी सुएझचा कालवा खुला झाला.

बांधणी कशी आहे?

बेटाच्या उंच टेकाडावर दगडी, अष्टकोनी मनोरा आहे. त्याची स्वतःची उंची वीस मीटरहून थोडी जास्त आहे. बाकीची उंची टेकाडाने फुकट दिली आहे. दिवा समुद्रसपाटीपासून किती उंच, हे महत्त्वाचे असते. मनोरा किती उंच, हे नव्हे. म्हणून टेकाडावरचा बुटका दीपस्तंभ सपाट वाळूवरच्या उंच दीपस्तंभाची बरोबरी करू शकतो.

आठ बाजूच का, असेही विचारतात. गोल मनोऱ्याला प्रत्येक दगड बाकदार घडवावा लागतो. अष्टकोनाला सपाट तोंडाचे दगड चालतात, फक्त आठ कोपऱ्यांचे दगड नीट घडवले की झाले. चौकोनी मनोऱ्यापेक्षा वाऱ्याचा मारा त्याला कमी बसतो. मधला आणि स्वस्त मार्ग तो.

दिवा किती लांबून दिसतो?

याला तीन उत्तरे आहेत. तिन्ही वेगळी ठेवली नाहीत तर गोंधळ होतो.

पहिले अंतर पृथ्वीच्या गोलाईचे. दिव्याच्या उंचीचे (मीटरमध्ये) वर्गमूळ आणि पाहणाऱ्याच्या डोळ्याच्या उंचीचे वर्गमूळ यांची बेरीज करा आणि तिला २.०८ ने गुणा; उत्तर सागरी मैलांत येते. एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर. समजा दिवा ५० मीटरवर आहे आणि तुम्ही होडीत आहात, डोळा पाण्यापासून ४ मीटरवर. ७.०७ अधिक २ म्हणजे ९.०७, गुणिले २.०८ म्हणजे जवळपास १९ मैल, म्हणजे ३५ किलोमीटर. तोच दिवा मालवाहू जहाजाच्या सुकाणूघरातून, २५ मीटरवरून, २५ मैलांवर दिसू लागतो. दिवा एकच, पण होडीच्या तांडेलाला तो जहाजाच्या कप्तानापेक्षा सहा मैल उशिरा दिसतो.

दुसरे अंतर दिव्याच्या ताकदीचे. नकाशात दिव्यापुढे जे मैल लिहितात ते हवा स्वच्छ असताना, म्हणजे दिवसा दहा मैलांवरचे दिसते असे धरून काढलेले असतात.

तिसरे अंतर त्या रात्रीच्या हवेचे. हिशेबात वीस मैलांचा असलेला दिवा, पावसाने नजर दोन मैलांवर आली की सहा मैलांच्याही आत गेल्याशिवाय दिसत नाही. नजर जेवढ्या पट घटते तेवढ्याच पट पल्ला घटतो असा काही सरळ हिशेब नाही, पण जुलैच्या रात्री नकाशातल्या आकड्यावर विसंबू नये हे त्यातून नक्की कळते.

कधी कधी दिवा दिसण्याआधी क्षितिजामागून उजेडाचा फेर आलेला दिसतो. तो दिव्याचा झोत नव्हे, हवेतल्या बाष्पावर पसरलेला उजेड आहे. त्यावरून अंतर मोजू नका. खुद्द दिव्याचा ठिपका पाण्याच्या रेषेवर उगवतो त्या क्षणी वरचे सूत्र लागू पडते.

हा खांदेरीचाच दिवा, हे रात्री ओळखायचे कसे?

प्रत्येक दिव्याला स्वतःची खूण असते: रंग, झपके किती आणि त्यांचे एक आवर्तन किती सेकंदांचे. शेजारपाजारच्या दिव्यांना एकच खूण देत नाहीत. नकाशावर ही खूण आखूड अक्षरांत लिहिलेली असते. तिथे ‘झपके २, १० सेकंद, ५० मीटर, २० मैल’ अशा अर्थाची नोंद असेल (हे निव्वळ उदाहरण आहे), तर दर दहा सेकंदांत दोन झपके, दिव्याची उंची ५० मीटर आणि पल्ला २० मैल असे वाचायचे. चालू खूण कधीही ताज्या नकाशातून किंवा दिव्यांच्या यादीतून घ्यावी. खुणा बदलतात, आणि जुन्या पुस्तकात किंवा संकेतस्थळावर जुनीच राहते.

मोजताना सगळ्यात जास्त चूक सुरुवातीला होते. पहिल्या झपक्याला ‘एक’ म्हणून मोजणी सुरू केली तर एक सेकंद वाढतो. तिथे ‘शून्य’ म्हणा. एका आवर्तनावर थांबू नका, सलग तीन आवर्तने मोजून तीनने भागा. लाटांवर होडी खाली गेली की एखादा झपका लाटेआड जातो आणि दोनाचा एक दिसतो. म्हणूनही तीन आवर्तने.

एका दिव्यावरून किनाऱ्यापासूनचे अंतर कसे काढतात?

होडीवर होकायंत्र आणि घड्याळ असले की पुरे. होडी सरळ रेषेत, एका वेगात ठेवा. दिवा नाळेच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाच्या, दिशेपासून ४५ अंशांवर आला की वेळ लिहा. तो बरोबर काटकोनात, म्हणजे ९० अंशांवर आला की पुन्हा वेळ लिहा. मधल्या वेळात होडी जेवढे अंतर चालली तेवढ्याच अंतरावर दिवा आहे. वेग ८ नॉट (म्हणजे तासाला ८ सागरी मैल) आणि मधली वेळ १५ मिनिटे असेल तर दिवा २ सागरी मैलांवर.

चूक येते ती प्रवाहामुळे. उधाणाच्या भरतीत पाणीच होडीला पुढे ढकलत असेल तर यंत्राच्या वेगावरून काढलेले अंतर खऱ्यापेक्षा कमी भरते. प्रवाह समोरून असेल तर जास्त भरते. दुसरी चूक जास्त जोखमीची. काटकोनात आल्यावर अंतर कळते खरे, पण तोवर तुम्ही दिव्याच्या बगलेला पोचलेले असता. खडक त्याआधीच्या पाण्यात असेल तर ही रीत उपयोगाची नाही.

जुन्या काळी विजेशिवाय एवढा उजेड कसा पडे?

मुळात दिवा फार मोठा नव्हता. उजेड वाया जाऊ न देण्यात सगळे कसब होते. उघडी ज्योत उजेड चहूकडे फेकते. तिचा वर आकाशात आणि खाली जमिनीवर जाणारा उजेड जहाजाच्या काही कामाचा नाही. फ्रान्सच्या ऑगस्टिन फ्रेनेलने यावर काचेच्या कड्यांची रचना शोधली आणि १८२३ मध्ये ती फ्रान्समधल्याच कोर्दुआनच्या दीपस्तंभावर बसली. मधोमध भिंग, त्याभोवती पायरीपायरीने कापलेली काचेची कडी, आणि वर-खाली त्रिकोणी लोलक. मधली कडी उजेड वाकवतात, वरचे-खालचे लोलक तो आतल्या आत परतवून क्षितिजाकडे वळवतात. अखंड जाड भिंग बनवले असते तर ते टनावारी जड झाले असते आणि अर्धा उजेड काचेनेच खाल्ला असता.

या भिंगांच्या प्रती ज्योत आणि काच यांतल्या अंतरावरून ठरतात. पहिल्या प्रतीत ते ९२० मिलिमीटर, म्हणजे आत माणूस उभा राहून काम करू शकतो. दुसरीत ७००, तिसरीत ५००, चौथीत २५०. मोठी प्रत खुल्या समुद्रासाठी, लहान बंदराच्या तोंडासाठी.

इंधन आधी वनस्पतीतेल, मग रॉकेल. १९०१ नंतर रॉकेलची वाफ करून रेशमी जाळीत जाळणारे बर्नर आले. पेट्रोमॅक्सची बत्ती ज्यांनी पेटवली आहे त्यांना तो प्रकार लगेच कळेल. आधी स्पिरिट पेटवून वाफेची नळी तापवायची, मग पंपाने दाब द्यायचा, मग हळूच झडप उघडायची. नळी पुरती तापली नसेल तर वाफेऐवजी पातळ रॉकेल वर येते, पिवळी ज्वाळा उसळते आणि काही मिनिटांत काजळी सगळ्या काचेवर बसते. हजाराच्या वर लोलक एकेक करून पुसायचे म्हटल्यावर ती चूक कुणी दुसऱ्यांदा करत नसे.

भिंग फिरते कशाने? आणि पाऱ्याबद्दल जे ऐकतो ते खरे का?

झपका म्हणजे दिवा विझतो-पेटतो असे जुन्या दीपस्तंभांत नव्हते. ज्योत अखंड जळे, भिंगाचे चौकट असलेले पंखे तिच्याभोवती फिरत, आणि पंखा तुमच्या दिशेला आला की झपका दिसे. फिरवायला मोठ्या घड्याळासारखे यंत्र असे: मनोऱ्याच्या पोकळीतून वजन सावकाश खाली उतरे आणि दात्यांची चाके फिरवी. वजन तळाला पोचण्याआधी ते हाताने वर गुंडाळावे लागे, दर काही तासांनी, रात्रभर. गुंडाळायला उशीर झाला की आवर्तन लांबते, आणि आवर्तन लांबले की तो दुसराच दिवा भासतो. बंद पडलेल्या दिव्यापेक्षा चुकीची खूण देणारा दिवा जास्त घातक असतो, हे या कामात शिकवले जाणारे पहिले तत्त्व.

पाऱ्याची गोष्ट खरी आहे. काही टनांचे भिंग चाकांवर फिरवले तर घर्षण फार. १८९० च्या सुमारास फ्रान्समध्ये ते पाऱ्याच्या गोल पन्हळीत तरंगवायची युक्ती निघाली. मग एका बोटाने ढकलले तरी ते फिरे. पण पाऱ्याची वाफ विषारी असते आणि दीपगृहाची काचेची खोली बंदिस्त व उन्हाने तापलेली. कुठल्याही जुन्या दीपस्तंभात अशी पन्हळ दिसली तर हात लावू नका आणि मुलांना तिथे रेंगाळू देऊ नका.

दिवसा भिंगाला पडदे का लावतात?

भिंग दोन्ही दिशांनी काम करते. रात्री ते ज्योतीचा उजेड बाहेर फेकते, दिवसा सूर्याचे ऊन आत एका जागी गोळा करते. तेवढ्या उष्णतेने दिव्याची खोबण वितळू शकते, वायरचे आवरण जळू शकते, आग लागू शकते. म्हणून सूर्योदयानंतर पडदे ओढायचे आणि सूर्यास्ताआधी काढायचे, हा जुना शिरस्ता आहे. फिरते भिंग असेल तर ते दिवसाही सावकाश फिरते ठेवतात, म्हणजे ऊन एका जागी टिकत नाही.

आता दिवा कशावर चालतो?

देशातल्या दीपस्तंभांवर आता एलईडी दिवे आणि सौर ऊर्जा आहे. बेटावर सौर ऊर्जेची सोय कशी बेतायची, हे उदाहरणाने पाहू. समजा दिवा आणि त्याचे नियंत्रण मिळून सरासरी १० वॉट खातात आणि रात्र १२ तासांची. म्हणजे रोज १२० वॉट-तास. कोकणच्या पावसाळ्यात ऊन सलग आठवडाभर तोंड दाखवत नाही, म्हणून सात दिवसांची बेगमी: ८४० वॉट-तास. शिशाची बॅटरी निम्म्याहून जास्त रिकामी केली तर तिचे आयुष्य घटते, म्हणून क्षमता दुप्पट: १,६८०. बारा व्होल्टच्या हिशेबाने १४० अँपिअर-तास.

कागदावर हे सोपे आहे. बेटावर बिघडते ते वेगळेच. पॅनेलवर मिठाचा थर आणि पक्ष्यांची विष्ठा बसून वीज कमी होते. जोडण्यांच्या तांब्यावर हिरवा गंज चढतो आणि बॅटरी चांगली असूनही दिवा मिणमिणतो. अंधार ओळखणाऱ्या संवेदकाची काच मळली तर त्याला भर दुपारी रात्र वाटते. दिवा दिवसा जळत राहतो आणि मध्यरात्री बॅटरी संपते. गोड्या पाण्याने पुसलेले स्वच्छ पॅनेल हे महागड्या सुट्या भागांहून जास्त काम करते.

जुन्या फ्रेनेल भिंगात एलईडी बसवला म्हणजे काम झाले, असेही नाही. ते भिंग मोठ्या, जाड ज्योतीसाठी घडवलेले असते. एलईडीचा ठिपका लहान. त्यामुळे झोत फार अरुंद होतो आणि केंद्रापासून काही मिलिमीटर सरकला तरी क्षितिजाच्या वर किंवा खाली पडतो.

जीपीएस असताना दीपस्तंभाची गरज काय?

जीपीएस तुम्हाला आकडे देतो, खडक दाखवत नाही. नकाशा जुना असेल, यंत्रात आकडा चुकीचा भरला असेल, बॅटरी संपली असेल किंवा संकेतात कुणी ढवळाढवळ केली असेल, तर पडदा निर्धास्तपणे चुकीची जागा दाखवतो. दिव्याची दिशा डोळ्यांनी घेतली की ती चूक उघडी पडते. लहान मासेमारी होड्यांना तर अजूनही नजरेचीच सोबत. शिवाय आजचे दीपस्तंभ फक्त उजेड देत नाहीत. रडारच्या पडद्यावर मोर्सचे अक्षर उमटवणारे रेकॉन आणि जहाजांची ओळख-हालचाल टिपणारी एआयएस यंत्रणा यांनाही उंच जागा लागते.

हा दिवा कुणाच्या ताब्यात? किल्ला कुणाच्या?

दिवा केंद्राच्या दीपस्तंभ व दीपनौका महासंचालनालयाकडे. त्याचे मुख्यालय नोएडाला आहे. १९२७ चा दीपस्तंभ कायदा जाऊन २०२१ मध्ये सामुद्री नौवहन साहाय्यांचा नवा कायदा आला आणि त्यात वारसा दीपस्तंभांचा स्वतंत्र विचार आहे. खर्च भागतो तो बंदरात येणाऱ्या जहाजांकडून घेतलेल्या शुल्कातून. किल्ला राज्य संरक्षित स्मारक आहे. जुलै २०२५ मध्ये ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून जागतिक वारसा यादीत गेलेल्या बारा किल्ल्यांत खांदेरी आहे. यातून एक अडचण येते, तीही सांगायला हवी. दिवा चालू ठेवायला वायरी, खांब, पॅनेल लागतात आणि जुन्या तटाला ती नको असतात. दोन्ही खात्यांनी मिळून जागा ठरवणे हाच त्यावर उपाय; मूळ दगडात खिळे ठोकून तो निघत नाही.

डागडुजीत सिमेंट वापरू नये असे का म्हणतात?

कारण चुन्याची भिंत श्वास घेते आणि सिमेंट तिचे नाक दाबते. समुद्रावरच्या भिंतीत खारी ओल मुरतेच. चुन्याच्या सांध्यांतून ती बाहेर येऊन सुकते. वर सिमेंटचा गिलावा मारला की ओल आतच अडकते, ती सुकताना मिठाचे स्फटिक गिलाव्यामागे फुगतात आणि दोन-चार पावसाळ्यांत गिलावा पापुद्र्यांनी सुटतो. सुटताना दगडाचे तोंडही घेऊन जातो.

योग्य काम असे: सुटलेला सांधा हाताने, निदान बोटाच्या दोन पेरांएवढा खोल मोकळा करायचा, गोड्या पाण्याने धुवायचा, आणि काही आठवडे विरवलेला चुना एक भाग व धुतलेली नदीची वाळू दोन ते तीन भाग असे मिश्रण थरांनी भरायचे. किनाऱ्यावरची वाळू नको, तिच्यात मीठ असते. ओली गोणपाटे लावून आठवडाभर तरी ओलावा धरायचा. हे काम पावसाळ्यात आणि एप्रिल-मेच्या कडक उन्हात काढू नये. चुना एकतर वाहून जातो, नाहीतर पकडण्याआधीच सुकतो. लोखंडी कठड्यांची मुळे दगडात रोवलेली असतात. गंजलेले लोखंड फुगते आणि दगड फोडते, म्हणून तडा दिसला की आधी जवळचे लोखंड तपासावे.

बेटावर जायचे कसे?

आधी अलिबाग, तिथून थळ. थळच्या धक्क्यावरून कोळीबांधवांची होडी ठरवावी लागते. ठरलेल्या वेळेची फेरीसेवा आहे असे धरून निघू नका. समुद्र शांत असेल तर अर्धा ते पाऊण तास लागतो. दर माणशी नव्हे, होडीचा ठरवा आणि त्यात बेटावर थांबायचा वेळ किती, हे आधीच बोलून घ्या. दीपस्तंभाच्या आत जाता येईल का, ते निघण्यापूर्वी विचारा. दरवाजा बंद असेल तर चौकीवरच्या माणसाशी हुज्जत घालू नये. ते त्याचे कामाचे ठिकाण आहे.

खांदेरीला धक्का आहे. उंदेरीला तो नाही, खडकांवर उतरावे लागते. म्हणून दोन्ही बेटे एकाच दिवशी करायची असतील तर लहान मुले आणि म्हातारी माणसे खांदेरीपुरतीच ठेवा.

भरती-ओहोटीचे गणित कसे बसवायचे?

कोकणात चालत आलेला हिशेब असा: त्या दिवशीची तिथी घ्या आणि तिची पाऊणपट करा. येणारा आकडा ही पूर्ण भरतीची वेळ, सकाळची आणि संध्याकाळचीही. त्यात सव्वासहा तास मिळवले की ओहोटी. चतुर्थी असेल तर ४ ची पाऊणपट ३, म्हणजे भरती तीन वाजता आणि ओहोटी सव्वानऊला. अष्टमीला भरती सहा वाजता, ओहोटी साधारण सव्वाबाराला. शुद्ध पक्ष असो वा वद्य, तिथी १ ते १५ अशीच मोजायची. हा हिशेब तासाभराने मागेपुढे होऊ शकतो, म्हणून मुंबईच्या अपोलो बंदराच्या भरतीच्या तक्त्याशी ताडून पाहा.

थळच्या किनाऱ्याजवळ ओहोटीला पाणी उथळ होते आणि होडी बुड टेकते. म्हणजे जाताना आणि येताना दोन्ही वेळा पाणी असायला हवे. द्वितीया ते चतुर्थी हे दिवस सोयीचे: भरती दुपारी दीड ते तीनच्या सुमारास, त्यामुळे अकरा-साडेअकराला निघून चार-साडेचारपर्यंत परतता येते. अष्टमी-नवमी टाळा, ऐन दुपारी ओहोटी लागते. अमावास्या-पौर्णिमेला वेळ जुळते, पण उधाणाचा ओढ जोरात असतो. तांडेल ‘आज नको’ म्हणाला तर तो शेवटचा शब्द समजा.

कोणत्या महिन्यात जावे, आणि बरोबर काय घ्यावे?

नोव्हेंबर ते फेब्रुवारी. जून ते सप्टेंबर अजिबात नाही. मार्च-एप्रिलमध्ये दुपारनंतर वारा चढतो, तेव्हा सकाळी जाऊन लवकर परतावे लागते आणि तिथी त्याप्रमाणे निवडावी लागते.

माणशी तीन लिटर पाणी, टोपी, मागे पट्टा असलेली पकड धरणारी पादत्राणे, आणि प्रत्येकाला जीवरक्षक जाकीट. होडीत जाकिटे पुरेशी आहेत का ते बसण्यापूर्वी मोजा. बेटावर मुक्काम किंवा जेवणाची सोय गृहीत धरू नका, आणि कचरा परत आणा. ड्रोनसाठी रीतसर परवानगी लागते.

मनोऱ्याशिवाय बेटावर काय पाहावे?

तट आणि बुरूज, चाकांच्या लोखंडी गाड्यांवरच्या तोफा, पाण्याची टाकी, आणि वेताळाचे देऊळ. वेताळ हे थळच्या आणि आसपासच्या कोळ्यांचे जागृत दैवत आहे; तिथे सहलीला आल्यासारखे वागू नये. बेटावर एक मोठा दगड आहे, त्यावर लहान दगडाने टकटक केली की धातूच्या भांड्यासारखा नाद निघतो. त्याला हळूच वाजवा. घाव घालून चाचणी घेणाऱ्यांमुळे त्यावर खळगे पडत आहेत.

बेटावर न जाता दिवा पाहायचा असेल तर?

थळ, वरसोली, किहीम किंवा अलिबागच्या किनाऱ्यावर सूर्यास्तानंतर अर्ध्या तासाने उभे राहा आणि पश्चिमेला, बेटाच्या काळ्या कडेवर नजर ठेवा. दुकानांच्या दिव्यांकडे पाठ करा; डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला पंधरा-वीस मिनिटे लागतात. मग घड्याळ काढा, पहिल्या झपक्याला शून्य म्हणा आणि मोजा.